कॉलेज फुटबॉल संघाचा इतिहास आणि मुख्य प्रशिक्षकांची यादी कशी तयार करावी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या एखाद्या संघाचा इतिहास लिहायला बसलं की हात आधी प्रशिक्षकांच्या यादीकडे जातो. नाव, कार्यकाळ, जय-पराजय, झालं काम. अशी यादी कुठूनही उचलता येते आणि नेमकी म्हणूनच ती तीन ठिकाणी तीन तऱ्हेची सापडते. अलाबामाच्या जीन स्टॉलिंग्ज यांच्या नावापुढे एके ठिकाणी ७०-१६-१ असतं, दुसरीकडे ६२-२५. दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते दोन का आहेत हे सांगता येत नसेल, तर यादी अजून छापण्याजोगी झालेली नाही.

यावर उपाय असा, की हिशोबाचा घटक प्रशिक्षक धरायचा नाही आणि मोसमही धरायचा नाही. एकेक सामना धरायचा. आधी सामन्यांची वही तयार होते आणि प्रशिक्षकांची यादी त्या वहीतून आपोआप निघते. उलट दिशेने गेलात तर चूक कुठे आहे हे कधीच सापडत नाही, कारण बेरजेच्या पोटात काय आहे ते दिसत नाही.

खाली सगळीकडे अलाबामा विद्यापीठाच्या संघाचं उदाहरण घेतलं आहे. १८९२ पासूनच्या त्यांच्या इतिहासात या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात. रीत मात्र कुठल्याही संघाला चालेल.

सुरुवातीलाच शब्दांचा एक घोळ मिटवून टाका. मराठीत आपण सीझनला हंगाम म्हणतो आणि तात्पुरत्या माणसालाही हंगामी म्हणतो. "हंगामी प्रशिक्षकाचा हंगाम" असं वाक्य दोनदा लिहिलं की वाचक हरवतो. सीझनसाठी मोसम आणि तात्पुरत्या प्रशिक्षकासाठी काळजीवाहू हे शब्द ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा. दुसरं, ७०-१६-१ अशा आकड्यांचा क्रम नेहमी विजय-पराभव-बरोबरी असा असतो. एखाद्या सामन्याचे गुणही २८-१७ असेच लिहिले जातात, त्यामुळे लेखात गुण देताना "२८-१७ गुणांनी" असं स्पष्ट म्हणा.

वही आखणे

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक सामना. रकाने हे ठेवा: मोसम, वर्ष, महिना, दिवस, प्रतिस्पर्धी, शहर, मैदानाचा प्रकार (घरचं, परकं, तटस्थ), आपले गुण, त्यांचे गुण, मैदानावरचा निकाल, अधिकृत निकाल, सामन्याचा प्रकार (कॉन्फरन्समधला म्हणजे संघ ज्या गटात आहे त्यातला, बाहेरचा, कॉन्फरन्सची अंतिम लढत, बाउल म्हणजे मोसमाअखेरचा निमंत्रितांचा सामना), पदावर असलेला मुख्य प्रशिक्षक, प्रत्यक्ष सूत्रं सांभाळणारा, आणि शेवटी टीप.

तारीख तीन रकान्यांत मोडायला कारण आहे. एक्सेलचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० पासून सुरू होतं. त्याआधीची तारीख ते मजकूर म्हणून ठेवतं आणि क्रम लावताना १८९० च्या दशकातले सामने भलतीकडे जाऊन बसतात. वर्ष, महिना, दिवस वेगळे ठेवले की हा त्रास होत नाही. मोसमाचा रकाना वर्षाहून वेगळा हवा, कारण १ जानेवारीला होणारा बाउल सामना आदल्या वर्षीच्या मोसमाचा असतो. अलाबामाने वॉशिंग्टनला २०-१९ गुणांनी हरवलेला रोझ बाउल १ जानेवारी १९२६ चा, पण तो १९२५ च्या मोसमात मोजला जातो. वर्षावरून बेरीज केली तर १९२५ चा अपराजित संघ एका विजयाने उणा निघतो आणि १९२६ मध्ये एक सामना फुकटचा वाढतो.

दुसरा सापळा निकालाचा. एका खणात १०-२ टाइप करा, शीट त्याची तारीख करून टाकते. खणाचं स्वरूप आधीच मजकूर असं ठरवा, किंवा त्याहून बरं म्हणजे विजय, पराभव, बरोबरी हे तीन आकडे तीन खणांत ठेवा. शीटमध्ये सगळीकडे इंग्रजी आकडेच असू द्या आणि देवनागरी आकडे शेवटी लेखात आणा. एकाच रकान्यात दोन्ही मिसळले की बेरीज गुपचूप चुकते. ती चूक हाती लागायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण डोळ्यांना आकडा बरोबरच दिसत असतो.

घरचं मैदान हा रकाना किरकोळ वाटतो, तसा तो नाही. विद्यापीठ टस्कलूसामध्ये आहे, पण अलाबामाने २००३ पर्यंत घरचे म्हणून कितीतरी सामने बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर खेळले, आणि बऱ्याच काळ मोठे सामने तिथेच होत. शहर बघून "तटस्थ" लिहिलंत तर पंचवीस मोसम अलाबामाचे मुख्य प्रशिक्षक राहिलेल्या ब्रायंट यांच्या काळातला घरच्या मैदानाचा हिशोब कोसळेल. म्हणून शहर आणि प्रकार वेगळे.

सामने कुठून भरायचे

पहिला आधार विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची वार्षिक माहितीपुस्तिका, ज्याला तिथे मीडिया गाइड म्हणतात. शेवटच्या पानांत वर्षवार निकाल असतात. दुसरा आधार एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची, नोंदपुस्तकं. तिसरा, आणि जुन्या काळासाठी सगळ्यात उपयोगी, म्हणजे वर्तमानपत्रं: शहरातलं दैनिक, प्रतिस्पर्ध्याच्या शहरातलं दैनिक आणि विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र. अलाबामाचं क्रिमझन व्हाइट १८९४ पासून निघतं. जुनी दैनिकं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिका संग्रहात पानापानाने पाहता येतात.

माहितीपुस्तिका आणि वर्तमानपत्र यांच्यात फरक आला तर प्रतिस्पर्ध्याची पुस्तिका उघडा. दोन्ही संघ एकच आकडा देत असतील तर तो घ्या, नसतील तर टीप लिहा. वर्तमानपत्राची तारीख आणि सामन्याची तारीख यांत गल्लत होते, कारण शनिवारच्या सामन्याची बातमी रविवारी येते आणि विद्यार्थ्यांच्या साप्ताहिकात ती "गेल्या शनिवारी" म्हणून येते. तारखेवरून वार काढून पाहणं ही सोपी चाचणी. पण वार शनिवार आला नाही म्हणून लगेच खोडू नका. त्या काळी सामने थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी होत आणि सुटी बघूनही ठेवले जात.

पहिली वर्षं

१८९२ ची चार ओळींची वही भरून बघा, म्हणजे कामाची चव कळते. मुख्य प्रशिक्षक ई. बी. ब्यूमाँट. ११ नोव्हेंबरला बर्मिंगहॅममधल्या शाळकरी मुलांच्या संघावर ५६-० ने विजय. दुसऱ्याच दिवशी बर्मिंगहॅम अ‍ॅथलेटिक क्लबकडून ५-४ ने पराभव. डिसेंबरमध्ये त्याच क्लबवर १४-० ने विजय. २२ फेब्रुवारी १८९३ ला ऑबर्नकडून (त्याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ) ३२-२२ ने पराभव. एकूण २-२.

इथे तीन प्रश्न एकदम उभे राहतात.

पहिला प्रश्न प्रतिस्पर्ध्याचा. शाळकरी संघाविरुद्धचा सामना धरायचा का? विद्यापीठ धरतं, म्हणून तुम्हीही धरा आणि टिपेत प्रतिस्पर्धी कोण होता ते लिहा. स्वतःच्या मताने सामने गाळायला लागलात तर तुमचा एकूण आकडा जगात कुणाशीच जुळणार नाही.

दुसरा, ५-४ हे गुण. आजच्या नियमांत असा निकाल जवळजवळ कधीच दिसत नाही, त्यामुळे बरेच जण ही छपाईची चूक समजून "दुरुस्त" करतात. ती चूक नाही. तेव्हा टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेण्याला) ४ गुण होते, त्यानंतरच्या किकला २ आणि फील्ड गोलला (खेळ चालू असताना गोलखांबांमधून घातलेल्या किकला) ५. एका संघाने टचडाउन केला पण किक हुकवली, दुसऱ्याने लांबून एक किक घातली आणि सामना जिंकला. जुने गुण तपासताना हे बदल हाताशी ठेवा: १८९८ पासून टचडाउन ५ चा, १९०४ मध्ये फील्ड गोल ४ वर आणि १९०९ मध्ये ३ वर आला, १९१२ मध्ये टचडाउन ६ चा झाला, आणि दोन गुणांचा पर्याय १९५८ मध्ये आला. गुणांची बेरीज त्या वर्षीच्या नियमात बसत नसेल तरच शंका घ्या. सहा गुणांच्या टचडाउनचा चष्मा १८९२ ला लावू नका.

तिसरा प्रश्न फेब्रुवारीतल्या सामन्याचा. अलाबामा तो १८९२ च्या मोसमातला शेवटचा सामना मानतं, ऑबर्न १८९३ मधला पहिला. एकच सामना दोन विद्यापीठांच्या पुस्तकांत दोन वेगळ्या मोसमांत आहे आणि दोघांनाही ते मान्य आहे. तुम्ही ज्या संघाचा इतिहास लिहिता त्याचा मोसम घ्या, दुसऱ्याचा टिपेत. दोन्ही संघांच्या वह्या एकत्र करणार असाल तर सामना दोनदा मोजला जाणार नाही एवढं पाहा.

रिकामी वर्षं ही दुसरी भानगड. अलाबामाचा संघ १८९८, १९१८ आणि १९४३ मध्ये मैदानात उतरलाच नाही. शेवटच्या दोन खेपा दोन महायुद्धांच्या. फ्रँक थॉमस यांचा कार्यकाळ १९३१ ते १९४६ असा छापला जातो. त्यावरून कुणीही सोळा मोसम म्हणेल, ते पंधराच आहेत. कार्यकाळाची वर्षं आणि खेळलेले मोसम हे दोन आकडे म्हणून वेगळे द्या. रिकाम्या वर्षासाठी वहीत "संघ नव्हता" अशी एक ओळ घाला, नाहीतर पुढे कुणीतरी ती राहून गेलेली माहिती समजून शोधत बसेल. तसंच ऑबर्नविरुद्धच्या नोंदी १९०७ च्या ६-६ या बरोबरीनंतर थेट १९४८ वर उडी मारतात. एकेचाळीस वर्षं हे शेजारी एकमेकांशी खेळलेच नाहीत.

बरोबरी

कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात १९९६ पासून नियमित मोसमातही जादा वेळेचा नियम आला आणि बरोबरी संपली. बाउल सामन्यांत तो एक मोसम आधी आला होता. १९९५ चा लास व्हेगस बाउल टोलेडोने नेवाडाविरुद्ध जादा वेळेत ४०-३७ ने जिंकला. म्हणून १९९५ च्या मोसमात दोन्ही प्रकार दिसतात: बाउलमध्ये जादा वेळ, आणि नोव्हेंबरअखेर विस्कॉन्सिन-इलिनॉय ३-३. ही त्या पातळीवरची शेवटची बरोबरी.

टक्केवारी काढताना बरोबरी अर्धा विजय धरतात. विजयांत बरोबऱ्यांचा निम्मा आकडा मिळवायचा आणि एकूण सामन्यांनी भागायचं. ब्रायंट यांची अलाबामातली कामगिरी २३२-४६-९. म्हणजे २३२ अधिक ४.५, भागिले २८७, उत्तर ०.८२४. बरोबऱ्या सोडून दिल्या तर ०.८३५ येतं. अकरा हजारांशांचा हा फरक दोन प्रशिक्षकांचा क्रम उलटवायला पुरेसा आहे.

सामना कुणाच्या नावावर

वहीत प्रशिक्षकांचे दोन रकाने ठेवले ते इथे कामाला येतात. सर्वसाधारण रीत अशी: सामन्याच्या दिवशी पदावर जो मुख्य प्रशिक्षक, सामना त्याचा. आजारपणामुळे तो मैदानात नसला तरी.

२८ नोव्हेंबर २०२० चा ऑबर्नविरुद्धचा सामना घ्या. तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांना कोविड झाल्यामुळे सूत्रं त्यांचे सहायक स्टीव्ह सार्किसियन यांच्याकडे होती. अलाबामा ४२-१३ ने जिंकलं. विजय सेबन यांच्याच खात्यात आहे आणि त्यांचा तो मोसम १३-० असाच नोंदला जातो. पहिल्या रकान्यात सेबन, दुसऱ्यात सार्किसियन, विषय मिटला.

पदावरून काढल्यावर गोष्ट बदलते. माइक शूला यांना २००६ मध्ये नियमित मोसम संपताच काढलं, तेव्हा संघ ६-६ वर होता. इंडिपेंडन्स बाउलमध्ये जो काइन्स काळजीवाहू मुख्य प्रशिक्षक होते आणि संघ ओक्लाहोमा स्टेटकडून ३४-३१ ने हरला. त्यामुळे संघाचा मोसम ६-७, शूला यांचा ६-६ आणि काइन्स यांच्या नावावर ०-१. यादीतून काइन्स यांना "एका सामन्यासाठी कशाला" म्हणून वगळलं की बेरीज एका पराभवाने चुकलीच.

याच्या उलट, नेमणूक झाली पण एकही सामना झाला नाही अशी माणसं असतात. २००३ च्या मोसमासाठी माइक प्राइस यांची नेमणूक झाली आणि मोसम सुरू होण्याआधीच त्यांना काढण्यात आलं. त्यांची जागा कथनात आहे, तक्त्यात नाही. नॉट्र डेमने डिसेंबर २००१ मध्ये नेमलेले जॉर्ज ओलिअरी पाच दिवसांत गेले, त्यांनाही हाच नियम.

निलंबन हा सगळ्यात कटकटीचा प्रकार. मिशिगनचे जिम हार्बॉ २०२३ मध्ये नियमित मोसमाचे सहा सामने बाजूला होते. पहिले तीन विद्यापीठाच्या स्वतःच्या कारवाईमुळे, शेवटचे तीन बिग टेन कॉन्फरन्सच्या. पदावर मात्र तेच होते. १८ नोव्हेंबरला मेरीलँडवर ३१-२४ ने मिळवलेला विजय संघाचा एक हजारावा होता आणि मैदानावर शेरोन मूर उभे होते. अशा सामन्यांत दोन्ही रकाने भरा आणि श्रेयासाठी विद्यापीठाची पुस्तिका वापरा. कोणता आधार घेतला ते टिपेत लिहायला विसरू नका.

खोडलेले विजय आणि बहाल केलेले विजय

आता स्टॉलिंग्ज यांच्याकडे परत. नियमभंगासाठी निकाल बदलण्याचे दोन प्रकार आहेत आणि मराठीत त्यांना सर्रास "रद्द" असा एकच शब्द वापरला जातो. तिथेच सगळं बिनसतं. फॉरफिट म्हणजे सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल: तुमचा विजय पराभव होतो. व्हेकेट म्हणजे विजय खोडणं: तो तुमच्या खात्यातून जातो पण त्याचा पराभव होत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याच्या खात्यातला पराभव तसाच राहतो. पहिल्या प्रकारात तुमच्या सामन्यांची संख्या बदलत नाही, दुसऱ्यात कमी होते.

१९९३ मध्ये अलाबामाने मैदानावर ९-३-१ कामगिरी केली. आदल्या मोसमानंतर एजंटशी करार केल्यामुळे एक खेळाडू अपात्र ठरला, आणि तो ज्यांत खेळला त्या नियमित मोसमातल्या सामन्यांपैकी आठ विजय आणि टेनेसीविरुद्धची १७-१७ ही बरोबरी बहाल झाली. हिशोब: ९ वजा ८ म्हणजे १ विजय. ३ अधिक ८ अधिक १ म्हणजे १२ पराभव. अधिकृत नोंद १-१२. सामने आधीही तेरा होते, आताही तेरा. उरलेला एकमेव विजय म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचा गेटर बाउल, २४-१०. तोवर तो खेळाडू संघाबाहेर होता. हेच आकडे पूर्ण कार्यकाळाला लावा: ७०-१६-१ मधून ८ विजय आणि १ बरोबरी उचलून पराभवांत टाका, ६२-२५ येतात. बरोबरीचा आकडा संपूर्ण नाहीसा का झाला हेही यातून कळतं, कारण होती तीच एक बरोबरी.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण २००५ ते २००७ चं. शिष्यवृत्तीत मिळणाऱ्या पाठ्यपुस्तकांच्या सवलतीचा गैरवापर झाल्याच्या प्रकरणात एनसीएएने २००९ मध्ये २१ विजय खोडले: २००५ चे सगळे १०, २००६ चे सगळे ६, २००७ चे पहिले ५. शूला यांचे मैदानावरचे आकडे २६-२३. त्यातून १६ विजय गेले, अधिकृत १०-२३. पराभव २३ चे २३ च. सेबन यांचा २००७ चा मोसम ७-६ वरून २-६, आणि पूर्ण कार्यकाळ २०६-२९ वरून २०१-२९.

या दोन उदाहरणांवरून तपासणीची एक युक्ती मिळते. अधिकृत नोंदीत विजय घटले आणि पराभव वाढले तर निकाल बहाल झाला आहे. विजय घटले पण पराभव जागच्या जागी तर तो खोडलेला आहे. एखाद्या यादीत शूला यांच्यापुढे १०-३९ दिसलं तर समजा, कुणीतरी खोडलेल्या विजयांना पराभव करून टाकलंय.

लेखात कोणते आकडे द्यायचे? दोन्ही. मुख्य तक्त्यात अधिकृत, शेजारच्या रकान्यात मैदानावरचे, आणि खाली एका ओळीत कारण. फक्त अधिकृत आकडे दिले तर १९९३ चा संघ एकच सामना जिंकला असं वाचकाला वाटतं, आणि ते खोटं चित्र आहे. फक्त मैदानावरचे दिले तर एनसीएएच्या यादीशी मेळ बसत नाही.

पडताळणी

वही भरून झाली की चार बेरजा करा. प्रत्येक मोसमाचे विजय, पराभव, बरोबरी यांची बेरीज त्या मोसमातल्या ओळींइतकी यायला हवी. सगळ्या प्रशिक्षकांची बेरीज सगळ्या मोसमांच्या बेरजेइतकी. मैदानावरचे आणि अधिकृत असे दोन्ही संच वेगवेगळे तपासा, आणि अधिकृत संचात खोडलेले सामने मोजणीतून वगळलेत ना ते पाहा. शेवटी प्रशिक्षकाची पूर्ण कारकीर्द त्याच्या सगळ्या संघांच्या बेरजेशी जुळवा.

ही शेवटची बेरीज ब्रायंट यांच्यावर करून बघा. मेरीलँड ६-२-१, केंटकी ६०-२३-५, टेक्सस ए अँड एम २५-१४-२, अलाबामा २३२-४६-९. एकूण ३२३-८५-१७. यातला अलाबामाचा आकडा आणि ३२३ यांची गल्लत फार होते. "अलाबामाचे प्रशिक्षक, ३२३ विजय" असं वाक्य वाचून कुणालाही वाटेल की सगळे तिथलेच. २८ नोव्हेंबर १९८१ ला ऑबर्नला २८-१७ ने हरवून त्यांनी ३१५ वा विजय मिळवला आणि एमॉस अलोंझो स्टॅग यांचा ३१४ चा आकडा मागे टाकला. तो विक्रमही पूर्ण कारकिर्दीचा होता.

बेरीज एकाने चुकली तर आधी बाउल सामने आणि काळजीवाहू प्रशिक्षक बघा. मोठ्या फरकाने चुकली तर खोडलेले सामने. बहुतेक वेळा चूक याच दोन ठिकाणी असते.

विजेतेपदं

या सर्वोच्च पातळीवर एनसीएए स्वतः राष्ट्रीय विजेता घोषित करत नाही. त्यामुळे "किती विजेतेपदं" या प्रश्नाला "कुणाच्या मते" हा प्रतिप्रश्न लागतो. तक्त्यात प्रत्येक विजेतेपदापुढे ते देणारी संस्था किंवा क्रमवारी लिहा. एपी या वृत्तसंस्थेची पत्रकारांची क्रमवारी १९३६ पासून आहे, प्रशिक्षकांची १९५० पासून. बीसीएस (अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणारी पद्धत) १९९८ ते २०१३ चे मोसम, आणि २०१४ पासून प्लेऑफ म्हणजे बाद पद्धतीची स्पर्धा: आधी चार संघांचा, २०२४ च्या मोसमापासून बारांचा.

अलाबामा १८ विजेतेपदांवर हक्क सांगतं. त्यातलं १९४१ चं जरा जवळून बघा: संघ ९-२, एपीच्या क्रमवारीत विसावा, स्वतःच्या कॉन्फरन्सचाही विजेता नाही. एका गणिती पद्धतीने त्याला पहिलं ठरवलं, एवढ्यावर तो हक्क उभा आहे. उलट १९६६ चा संघ ११-० असूनही एपीने तिसरा ठेवला, आणि ते वर्ष यादीत नाही. अशी नोंद "हक्क सांगितलेली" या शीर्षकाखाली द्या, "जिंकलेली" म्हणू नका.

अंतिम क्रमवारी बाउल सामन्यांच्या आधी लागायची की नंतर, हेही पाहावं लागतं. १९६४ मध्ये अलाबामा दोन्ही क्रमवाऱ्यांत पहिलं ठरलं आणि मग ऑरेंज बाउलमध्ये टेक्ससकडून २१-१७ ने हरलं. १९७३ मध्ये प्रशिक्षकांच्या क्रमवारीत पहिलं ठरून शुगर बाउलमध्ये नॉट्र डेमकडून २४-२३ ने हरलं. पुढच्याच मोसमापासून प्रशिक्षकांची अंतिम क्रमवारी बाउलनंतर लागू लागली. "विजेता संघ शेवटचा सामना हरला कसा" हा प्रश्न वाचक विचारणारच, त्याचं उत्तर एका वाक्यात तिथेच द्या. विभागून मिळालेली विजेतेपदं तशीच लिहा: १९७८ ला एपीने अलाबामाला पहिलं मानलं आणि प्रशिक्षकांनी यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ), ज्यांनी त्याच मोसमात बर्मिंगहॅममध्ये अलाबामाला २४-१४ ने हरवलं होतं.

आकड्यांवरून लेख लिहिताना

दोन काळांतले प्रशिक्षक शेजारी ठेवताना निव्वळ विजय मोजू नका. ब्रायंट यांनी अलाबामात २५ मोसमांत २८७ सामने खेळवले, मोसमाला साडेअकरा. सेबन यांनी १७ मोसमांत मैदानावर २३५, म्हणजे जवळपास चौदा. नियमित मोसम बारा सामन्यांचा झाला, कॉन्फरन्सची अंतिम लढत आली (त्यांच्या एसईसी कॉन्फरन्समध्ये १९९२ पासून), मग प्लेऑफ आला. त्यामुळे "दहा विजयांचा मोसम" हे माप १९६० च्या दशकात जेवढं जड होतं तेवढं आज नाही. टक्केवारी आणि सामने दोन्ही द्या.

प्रशिक्षकाला काय मिळालं होतं हे सांगितल्याशिवाय त्याने काय केलं ते कळत नाही. ब्रायंट यांच्याआधीच्या तीन मोसमांत जे. बी. व्हिटवर्थ यांची नोंद ४-२४-२ होती: ०-१०, मग २-७-१, पुन्हा २-७-१. या ओळीनंतर ब्रायंट यांचं १९५८ चं ५-४-१ हे साधंसं दिसणारं वर्ष एकदम वेगळं वाटू लागतं. प्रत्येक प्रशिक्षकाच्या परिच्छेदाची सुरुवात आधीच्या तीन वर्षांच्या आकड्यांनी केली तर विशेषणांची गरज फारशी उरत नाही. जाण्याचं कारणही तारखेसकट द्या. वॉलेस वेड यांनी १९३० चा मोसम सुरू होण्याआधीच राजीनामा जाहीर केला होता, आणि तोच मोसम अपराजित राहून राष्ट्रीय विजेतेपदाचा ठरला.

लोकप्रिय गोष्टी वहीवर घासून बघा. १२ सप्टेंबर १९७० ला यूएससीने लीजन फील्डवर अलाबामाला ४२-२१ ने हरवलं. सॅम कनिंगहॅम यांनी १३५ यार्ड धाव घेत दोन टचडाउन केले, आणि त्या एका रात्रीमुळे अलाबामाच्या संघाची दारं कृष्णवर्णीय खेळाडूंना उघडली, असं सांगितलं जातं. सामना खरा, आकडे खरे, पण क्रम चुकीचा. विल्बर जॅक्सन यांना त्याआधीच शिष्यवृत्तीवर घेतलेलं होतं. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे (ही बंदी १९७२ मध्ये उठली), म्हणून ते त्या दिवशी मैदानात नव्हते. १९७१ मध्ये जॉन मिचेल प्रत्यक्ष खेळणारे पहिले ठरले. सामन्याने वातावरण बदललं असं लिहिता येईल, निर्णय त्याने घडवला असं नाही.

शेवटचं काम म्हणजे तक्त्याखाली एक ओळ: कोणत्या सामन्यापर्यंतची नोंद आणि कोणत्या तारखेला तपासली. पदावर असलेल्या प्रशिक्षकासाठी तर ती हवीच, पण निवृत्त झालेल्यांसाठीही हवी. पेन स्टेटच्या जो पॅटर्नो यांच्या नावावर ४०९ विजय होते. २०१२ मध्ये १११ खोडून ते २९८ झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये परत ४०९. तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षं होत आली होती.